पाणी चार दिवसांआड, डास मात्र रोज : सोलापुरात डेंग्यू-चिकनगुनियाला गल्लीपासून कसं आवरायचं

डेंग्यूचा कुठलाही फलक बघा, पहिली ओळ ठरलेली असते, पाणी साठवून ठेवू नका. सोलापुरात हे वाचून माणूस हसेल नाहीतर चिडेल. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, मधेच लाइन फुटली तर त्याहून उशिरा, मग साठवायचं नाही तर करायचं काय, त्यामुळं आपल्याकडं घरोघर हौद, सिंटेक्सची टाकी, दोन-तीन बॅरल, हंडे-घागरी आणि न्हाणीतली ती कायम अर्धी भरलेली टाकी असणारच. म्हणून हे सगळं पाणी साठवणाऱ्या माणसांसाठी लिहितोय. साठवायचं कसं, घासायचं कधी, गल्लीनं मिळून काय करायचं, आणि जगात बाकीच्यांनी काय केलं, त्यातलं काय चाललं नि काय फसलं.

चिकनगुनिया म्हटलं की लोकांना २००६ आठवतं. त्या वर्षी देशात १३ लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले, घरटी एक माणूस गुडघे धरून बसलेला. पण आपल्या जिल्ह्यात हा आजार त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलाय. १९७३ ला बार्शीत चिकनगुनियाची साथ आली होती, आणि भारतातल्या या आजाराचा इतिहास कुणीही लिहिला की १९६३ च्या कलकत्त्यानंतर बार्शीचं नाव येतंच. मग तीसेक वर्षं तो देशात फारसा दिसला नाही, आणि २००५ च्या शेवटी परत आला तेव्हा विषाणू वेगळ्या, आफ्रिकेकडच्या वंशाचा होता. आपल्याकडं तो पसरवणारा डास मात्र तोच, एडिस इजिप्ती. डेंग्यूही हाच पसरवतो, झिकाही हाच. महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, २०२४ ला पुण्यात बरेच निघाले. म्हणजे विषाणू बदलत राहतील, नवीन येतील, तुम्हाला हात घालायचाय तो एकाच डासावर, आणि तो डास तुमच्या न्हाणीत राहतो.

आधी डासाचं वेळापत्रक

हे पाठ करा, बाकीचं सगळं यावरच उभं आहे.

एडिसची मादी स्वच्छ, स्थिर पाण्याजवळ अंडी घालते, एका खेपेला साधारण शंभर, तीही एकाच भांड्यात नाही तर चार ठिकाणी थोडी थोडी. आणि ती अंडी पाण्यात पडत नाहीत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटतात. काळी, बारीक, खसखशीपेक्षा लहान, डोळ्याला शेवाळाच्या डागासारखी दिसतात. पाणी आटलं तरी अंडी मरत नाहीत, कोरड्या भिंतीवर कित्येक महिने तशीच राहतात आणि पाणी वर चढून त्यांना भिजवलं की फुटतात. अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून डास, उन्हाळ्या-पावसाळ्यात हे सगळं सात ते दहा दिवसांत उरकतं.

आता आपला नळ आठवा. पाणी आलं, बॅरल काठोकाठ भरलं, चार दिवस वापरून पातळी खाली गेली, भिंतीचा मधला पट्टा ओला राहिला, तिथं मादीनं अंडी घातली, पाचव्या दिवशी पाणी आलं, आपण न रिकामं करता वरून भरलं, अंडी बुडाली, फुटली. तळातलं शिल्लक पाणी तर आपण कधी फेकतच नाही, त्यामुळं मागच्या खेपेच्या अळ्याही तिथंच. पाणी असं खाली-वर होत राहणं या डासाला जेवढं मानवतं तेवढं दुसरं काही मानवत नाही. डेंग्यूवाल्या भागात लोक म्हणतात आमच्याकडं गटार उघडं आहे म्हणून डेंग्यू होतो. गटारातला डास क्युलेक्स, तो रात्री चावतो, त्याच्यामुळं हत्तीरोग होतो आणि आपला जिल्हा हत्तीरोगाच्या यादीतलाच आहे, तेव्हा गटारं साफ हवीतच, पण डेंग्यूचं घर गटारात नसतं.

अजून दोन गोष्टी. एडिस दिवसा चावतो, सकाळी उन्हं चढायच्या आधी आणि संध्याकाळी मावळतीला जास्त, म्हणून रात्रीची मच्छरदाणी डेंग्यूला फारशी उपयोगी नाही, दुपारी झोपणाऱ्या बाळाला आणि तापाच्या पेशंटला दिवसा लावली तर आहे. आणि हा डास लांब उडत नाही, बहुतेक आयुष्य शे-दोनशे मीटरच्या आत काढतो. म्हणजे तुम्हाला चावणारा डास तुमच्या किंवा शेजारच्या चार-दोन बोळांतला आहे, एमआयडीसीतून उडत आलेला नाही. म्हणून एकट्या घरानं केलं तर निम्मंच होतं, गल्लीनं केलं तर पूर्ण होतं.

पहिलं काम : गल्लीचा कंटेनर सर्व्हे

आशाताई येऊन भांडी बघून जातात त्याला कंटेनर सर्व्हे म्हणतात, तोच आपण आपल्यापुरता करायचा. रविवारची सकाळ धरा. तीन-चार जण, त्यात बाई हवीच, कारण न्हाणीत आणि स्वयंपाकघरात परक्या पुरुषाला कोण येऊ देणार. हातात एक मोठी बॅटरी, एक पांढरी वाटी किंवा डाव, वही. मोबाइलचा टॉर्च चालतो पण बॅरलमध्ये वाकताना खिशातनं मोबाइल पडतो, बॅटरीच बरी.

बघायचं कसं तर झाकण हळू काढा, धाडकन काढलं की सावली पडते, धक्का बसतो आणि अळ्या सटकन तळाला जातात, तुम्हाला वाटतं काहीच नाही. टॉर्च तिरका धरून अर्धा-एक मिनिट थांबा, श्वास घ्यायला त्या परत वर येतात. एडिसची अळी पाण्याला डोकं खाली करून तिरकी लटकलेली असते, कोष स्वल्पविरामासारखा वाकडा. आमच्या पुढच्या बोळात एक अक्का ठामपणे सांगत होत्या, माझं पाणी बघा किती नितळ आहे, आणि खरंच नितळ होतं, तळाचा निळा प्लास्टिकचा शिक्का वाचता येत होता. थोडं थांबून वाटी तिरकी घालून वरचं पाणी उचललं तर पांढऱ्या वाटीत सात-आठ बारीक दोरे वळवळायला लागले. अक्का वाटी हातात घेऊन उजेडाला नेऊन बघत बसल्या, मग स्वतःच शेजारणीला हाक मारून दाखवायला घेऊन गेल्या. त्या वाटीनं जेवढं काम झालं तेवढं पत्रकांनी होत नाही, म्हणून सांगतो, अळ्या फेकायच्या आधी दाखवा.

वहीत प्रत्येक घरापुढं तीनच आकडे लिहायचे, पाण्याची भांडी किती, अळी असलेली किती, कुठल्या प्रकारची. समजा ६० घरं बघितली, भांडी २४०, अळी ९ घरांत आणि १२ भांड्यांत सापडली. मग घर निर्देशांक १५ टक्के, भांडी निर्देशांक ५ टक्के, आणि शंभर घरांमागं अळीवाली भांडी किती हा ब्रेटू निर्देशांक २०. घर निर्देशांक १ च्या आणि ब्रेटू ५ च्या खाली आला की धोका कमी असं ढोबळमानानं धरतात. पण आकड्यावर फार विसंबू नका. सिंगापूरनं १९६० च्या दशकात पन्नास टक्क्यांच्या आसपास असलेला घर निर्देशांक दोन टक्क्यांवर आणला, अळी सापडली की घरमालकाला दंड, त्यासाठी १९६८ चा कायदा, सगळं काटेकोर, तरीही तिथं डेंग्यूच्या साथी येतच राहिल्या, २०२० ला ३५ हजारांवर रुग्ण झाले. एक कारण असं सांगतात की घरं स्वच्छ झाली पण माणूस दिवसभर शाळेत, ऑफिसात, कामावर असतो आणि हा डास चावतो दिवसाच. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं डेंग्यू कमी राहिला की लोकांच्या अंगात प्रतिकारशक्तीही कमी राहते, मग थोडे डासही पुरतात. आपल्यासाठी पहिलं कारण महत्त्वाचं, यंत्रमागाचे कारखाने, विड्या वळायला बायका बसतात ती ठिकाणं, शिवणकामाची युनिटं, बालवाडी, क्लासेस हे सगळं सर्व्हेत घ्या. कारखान्यात प्यायच्या पाण्याचं बॅरल कोपऱ्यात असतं आणि त्याचा वाली कुणीच नसतो.

खरा उपयोग तिसऱ्या आकड्याचा आहे. कुठल्या प्रकारच्या भांड्यात अळी जास्त हे कळलं की मेहनत तिथंच लावता येते, बहुतेक गल्ल्यांत दोन-तीनच प्रकार निघतात जे निम्म्याहून जास्त डास तयार करतात. आमच्याकडं न्हाणीतली सिमेंटची टाकी आणि रंगाचे रिकामे ड्रम हे निघाले, तुमच्याकडं कूलर निघतील.

दुसरं काम : कोरडा दिवस पाणी येण्याच्या सकाळी

आठवड्यातनं एक कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी ओतून वाळवायचा दिवस, पाळा म्हणतात. सल्ला चांगला आहे पण वार ठरवून पाळायला गेलात तर सोलापुरात जमणार नाही, कोरडा दिवस शुक्रवार ठरवला आणि पाणी गुरुवारी येऊन गेलं तर भरलेलं बॅरल कोण ओतणार. आपला कोरडा दिवस पाणी यायच्या आदल्या रात्री किंवा त्या सकाळी. त्या वेळी भांडी तशीही तळाला गेलेली असतात आणि पुढचं पाणी येणार ही खात्री असते. पाळी चार-पाच दिवसांची, डासाला लागतात सात-दहा, म्हणजे प्रत्येक पाळीला घासलं तर त्याचं चक्र पुरं होतच नाही. पाण्याची अनियमितता आपली अडचण आहे, पण घासायची वेळ तिच्यावर बांधली की तीच आपल्या कामाला येते.

आता प्रत्यक्ष कृती. तळाचं उरलेलं पाणी संडासाला, अंगण शिंपायला वापरा, नाहीतर मातीत कोरड्या जागी ओता, अळ्या कोरड्या मातीत मरतात. फेकायला जीव होत नसेल तर जुन्या धोतराच्या दुहेरी कापडातनं गाळून घ्या आणि कापड उन्हात टाका. मग भिंत घासायची, आणि इथंच लोक चुकतात, नुसतं विसळून उलटं करतात. अंडी गोंदासारखी चिकटलेली असतात, विसळून निघत नाहीत. काथ्या, प्लास्टिकचा ब्रश, काहीही घ्या पण खरखरीत हवं, आणि तळापेक्षा वरचा पट्टा, जिथवर पाणी चढतं-उतरतं तो, जोर लावून घासा. काठाच्या आतली बाजू, बॅरलच्या गोल रिंगा, नळाच्या तोटीचा सांधा विसरू नका. सिमेंटची भिंत खडबडीत असते, तिथं घासून भागत नाही, त्याला मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमधल्या बायकांची एक पद्धत फार कामाची आहे. कपड्याचं ब्लीच आणि धुण्याची पावडर एकत्र कालवून पाण्याच्या वरच्या भिंतीला फडक्यानं थापायचं, दहाएक मिनिटं तसंच ठेवायचं, मग घासून धुवायचं. ब्लीचनं अंडी मरतात. तिथं हा उपाय शिकवण्याचा कार्यक्रमच चालवला होता, आणि खर्च काहीच नाही. फक्त ब्लीचबरोबर फरशीचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो, आणि प्यायच्या पाण्याचं भांडं असेल तर नंतर भरपूर धुवा.

घासलं की तासभर उलटं ठेवून उन्हात वाळवा, मग भरा, मग झाका. झाकण म्हणजे फटीशिवाय झाकण. बॅरलवर ठेवलेली फरशी किंवा पत्र्याचा तुकडा हे झाकण नव्हे, डासाला बोटभर फट पुष्कळ. उलट अंधार आणि गारवा मिळाला म्हणून मादी तिथं आनंदानं शिरते, अर्धवट झाकलेलं बॅरल उघड्यापेक्षा वाईट निघालेलं आम्ही बघितलंय. जुन्या सुती साडीचा तुकडा दुहेरी करून काठाला नाड्यानं किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं ताणून बांधा, वर झाकण. कापड मधे झोळीसारखं पाण्याला टेकू देऊ नका, ओल्या कापडावरच अंडी घालते.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण बहुतेक फुटलेलं असतं, वानरानं किंवा वाऱ्यानं. झाकण लावलं तरी ओव्हरफ्लोचा आणि हवेचा पाइप उघडा असतो, त्यातनं डास आरामात आत जातो, त्याला नायलॉनची जाळी किंवा बायकोच्या जुन्या मोज्याचा तुकडा तारेनं बांधा. संडासाच्या सेप्टिक टाकीच्या व्हेंट पाइपलाही तसंच.

जमिनीतला मोठा हौद दर पाळीला रिकामा होत नाही, त्याला दोन रस्ते. एक, गप्पी मासे. महापालिकेच्या किंवा हिवताप विभागाच्या पैदास केंद्रातनं मिळतात, फुकट. घरच्या हौदाला आठ-दहा पुरतात. नळाचं ताजं क्लोरिनवालं पाणी एकदम भरलं तर मरतात, म्हणून तिसरा हिस्सा जुनं पाणी ठेवून भरायचं. त्यांना खायला घालू नका, पोट भरलं की अळ्या कशाला खातील. आणि उत्साहानं सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात नेऊन सोडू नका, गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, आपल्या देशी माशांना त्रास देतात, आणि एडिस काही तलावात होत नाही. व्हिएतनामनं १९९० च्या दशकात माशांऐवजी मेसोसायक्लॉप्स नावाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा पाणकिडा मोठ्या हौदांत सोडला, जो अगदी नवी अळी खातो, आणि बरोबरीनं गावातल्या बायका-पोरांनी टाकाऊ भांडी गोळा केली, कित्येक गावांतनं एडिस पार गेला. यातलं शिकण्यासारखं म्हणजे किडा एकटा काही करू शकला नसता, छोट्या भांड्यांचं काम माणसांनी केलं.

दोन, अबेट. म्हणजे टेमीफॉस, पाण्यातल्या अळ्या मारायचं औषध. आरोग्य कर्मचारी घरोघर येऊन टाकतात तेव्हा बऱ्याच घरांतनं दार लावून घेतात, पाण्याला वास येतो म्हणतात, किंवा टाकून गेले की मागनं पाणी ओतून देतात. एक लिटरला एक मिलिग्रॅम या प्रमाणात हे प्यायच्या पाण्यात चालतं असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. वास दोन दिवसांत कमी होतो. पण प्रमाण त्यांनाच ठरवू द्या, बाटली आणून अंदाजानं ओतू नका. टाकी घासून नव्यानं भरली की औषध गेलं, हे त्यांना सांगा म्हणजे पुढची फेरी कधी ते ठरवता येईल.

तिसरं काम : ज्या पाण्याचा काहीच उपयोग नाही ते सगळं ओतायचं

इथं थोडक्यात, कारण अवघड काही नाही, फक्त नजर हवी. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली, उन्हाळ्यात पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं मडकं (ठेवा, पण रोज बदला नि घासा), गच्चीवरची फुटकी बादली, करवंट्या, बांधकामावर क्युरिंगसाठी साठवलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, मंगल कार्यालयामागं पडलेले चहाचे कप.

कूलरचं मात्र वेगळं सांगायला हवं. आपल्याकडं ४३-४४ डिग्रीत कूलर लागतोच, तेव्हा पाणी रोज बदलतंही, पण खरा घोळ जूनमध्ये. पहिला पाऊस पडला, हवा गार झाली, कूलर बंद, तळाशी बोटभर पाणी तसंच, वर गवताच्या ताट्या ओल्या. तिथनं पावसाळ्याची पहिली पिढी निघते. कूलर बंद करायच्या दिवशीच पाणी काढा, टाकी घासा, कोरडी पुसा, गवत काढून टाका. जुनं गवत जपून ठेवून पुढच्या वर्षी लावू नका, त्यात अंडी असू शकतात.

टायर. पुणे-हैदराबाद रोडला, अक्कलकोट रोडला, बोरामणीकडं जाताना टायरची दुकानं किती आहेत बघा, आणि प्रत्येकापुढं टायरची चळत उघड्यावर. टायर कसाही ठेवा, पाणी आत राहतंच. एडिसचा भाऊबंद, एडिस अल्बोपिक्टस, आशियातनं अमेरिकेत गेला तो जुन्या टायरांच्या व्यापारातनं, १९८५ ला ह्यूस्टनमध्ये सापडला, १९९० ला इटलीत, टायरात चिकटलेली कोरडी अंडी जहाजानं गेली. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, त्याला ताडपत्री घालायला लावा, पत्र्याच्या शेडखाली घ्यायला लावा, आणि गल्लीत शोभेला लावलेल्या टायरांना खालून भोकं पाडा.

चौथं काम : ताप निघाला की पहिले दोन दिवस

गल्लीत डेंग्यूचा एक रुग्ण निघाला की सगळे त्या घराच्या दिशेनं बघतात, त्यापेक्षा घड्याळाकडं बघा. ताप चढायच्या आधल्या एक-दोन दिवसांपासून पुढं साधारण पाच दिवस रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो, त्या काळात चावलेली मादी आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला तो देऊ लागते आणि मरेपर्यंत देत राहते. म्हणजे आपल्या हातात सव्वा-दीड आठवडा असतो. पहिल्याच दिवशी रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा, आजूबाजूची पन्नास-साठ घरं अळीसाठी परत तपासा, आशाताईला आणि महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्राला कळवा. खासगी दवाखान्यात निदान झालं तर डॉक्टरांना विचारा, तुम्ही कळवलंय ना. झोन ऑफिसला अर्ज देताना नुसतं डास झालेत असं लिहू नका, तुमच्या वहीतलं पान झेरॉक्स करून जोडा, अमुक बोळ, एवढी घरं, एवढ्या भांड्यांत अळ्या, एवढे तापाचे रुग्ण. आकडे असलेला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

टेस्टचं सोपं करून सांगतो. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (रक्तात विषाणूचा अंश शोधणारी), त्यानंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध अंगात तयार झालेली प्रतिपिंडं शोधणारी). पट्टीवरच्या रॅपिड टेस्टवर पक्कं धरत नाहीत, प्रयोगशाळेतली एलायझा टेस्ट करून घ्या. ताप आणि अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. ॲस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोचं इंजेक्शन डेंग्यू नाही हे कळेपर्यंत नको, रक्तस्राव वाढू शकतो, आणि गुडघे धरलेत म्हणून चिकनगुनियाच असणार हे आपलं आपण ठरवू नका. ताप उतरला की लोक सुटलो म्हणतात, डेंग्यूत धोका नेमका तेव्हाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोराचं दुखणं, सारखी उलटी, हिरड्या-नाकातनं रक्त, खूप गळून जाणं, बेचैनी, लघवी कमी होणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता सरळ सिव्हिलला किंवा जवळच्या हॉस्पिटलला. प्लेटलेटच्या आकड्याला घर फार घाबरतं, पण डॉक्टर रक्ताचा दाटपणा, बीपी, लघवी जास्त बघतात आणि त्यांना ते बघू द्या. पपईच्या पानाचा रस प्यायला म्हणून दवाखाना टाळू नका. गरोदर बाईला ताप आणि पुरळ आलं तर झिकाचं विचारा, पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

धुराची गाडी

रुग्ण निघाला की नगरसेवकाला पहिला फोन गाडी पाठवा म्हणून. गाडी येते, पोरं मागं पळतात, गल्ली पांढरी होते, लोकांना बरं वाटतं. त्या धुरानं मरतो तो फक्त त्या क्षणी उडत असलेला, धूर लागलेला डास. बॅरलमधली अळी, भिंतीवरचं अंडं, कपाटामागं, कॉटखाली बसलेली मादी यांना काही होत नाही, आणि गाडी आली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. दोन-चार दिवसांत नवे डास तयार. सारखा मारला तर डास त्या औषधाला दाद देईनासे होतात. साथीत, रुग्णाच्या आसपास, घराच्या आत, अळी मारण्याच्या जोडीला मारला तर उपयोग आहे. तेव्हा मागणी करायचीच तर गाडीआधी कंटेनर सर्व्हेची करा.

धुराची गाडी नव्हती तेव्हाचं बघा. हवानात १९०१ ला अमेरिकन लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी पिवळ्या तापाविरुद्ध मोहीम चालवली, डासामुळं पिवळा ताप होतो हे क्यूबाच्याच कार्लोस फिनले यांनी १८८१ ला मांडलं होतं पण कुणी मनावर घेतलं नव्हतं. गॉर्गसची माणसं घरोघर जाऊन पाण्याची पिंपं झाकायची, तेल टाकायची, अळी सापडली तर दंड. काही महिन्यांत शतकांपासूनचा पिवळा ताप हवानातनं गेला. डास तोच, एडिस इजिप्ती, आणि भांडी आपल्यासारखीच, पिंपं नि टाक्या. ब्राझीलनं तर हा डास अख्ख्या देशातनं घालवला, १९५८ ला तसं जाहीर झालं, मग लक्ष ढिलं पडलं, शेजारच्या देशांतनं डास परत आला, १९७० च्या दशकात परत ठाण मांडून बसला, आणि २०२४ ला जगभरात डेंग्यूचे जे १ कोटी ४० लाखांवर रुग्ण नोंदले गेले त्यात सगळ्यात मोठा वाटा ब्राझीलचाच.

लस येईल, चांगले डासही येतील म्हणतात, त्याचं काय

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे, एक झाला की त्याच्यापासून संरक्षण मिळतं पण दुसरा प्रकार झाला तर आजार जास्त गंभीर व्हायची शक्यता वाढते, त्यामुळं लस करणं किचकट. फिलिपिन्सनं २०१६ ला शाळेतल्या लाखो मुलांना डेंगव्हॅक्सिया नावाची लस दिली, २०१७ च्या शेवटी कंपनीनंच सांगितलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना लशीनंतर गंभीर डेंग्यूचा धोका वाढू शकतो, कार्यक्रम थांबला आणि तिथल्या लोकांचा बाकीच्या लशींवरचा विश्वासही उडाला. आता क्यूडेंगा ही दुसरी लस काही देशांत मिळते, आपल्याकडं पॅनासिया बायोटेकच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२४ च्या ऑगस्टला सुरू झाली.

मला जास्त भरवसा वाटतो तो वोल्बाकियाचा. हा एक जिवाणू, कित्येक किड्यांत आपसूक असतो, एडिस इजिप्तीत नसतो. तो त्याच्यात घातला की डेंग्यूचा विषाणू डासाच्या अंगात नीट वाढत नाही, आणि मादीकडनं पिल्लांत उतरत जातो. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात अर्ध्या भागात असे डास सोडून बघितलं, डेंग्यू ७७ टक्क्यांनी आणि त्यासाठी हॉस्पिटलात भरती ८६ टक्क्यांनी कमी भरली. पुदुच्चेरीच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) केंद्रानंही असे डास तयार केलेत. पण सोलापूरला ते सोडायला कधी येतील तेव्हा येतील, आणि तिकडंही अळ्या शोधायचं काम बंद केलेलं नाही.

वर्षाचं वेळापत्रक, सोलापूरपुरतं

मार्च ते मे पाणीटंचाई, साठवण सगळ्यात जास्त, कूलर चालू, या काळात पाळीची घासणी मोडू देऊ नका. मेच्या शेवटी गच्चीवरची अडगळ भंगारवाल्याला. जूनमध्ये कूलर कोरडे. जुलैपासून सर्व्हे पंधरवड्याला, आणि आपल्याकडं खरा पाऊस ऑगस्टचा शेवट नि सप्टेंबर, त्यामुळं सप्टेंबर-ऑक्टोबरात दर आठवड्याला. गणपतीत मंडळाची पोरं एका हाकेत जमतात, त्यांना वही आणि बॅटरी द्या, मांडवामागचे ड्रम त्यांचेच असतात. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठी रस्त्याकडंला पाण्याचे, चहाचे स्टॉल लागतात, दुसऱ्या दिवशी ग्लास-द्रोण उचलायचं काम स्टॉलवाल्यांकडनं आधीच कबूल करून घ्या. दिवाळीच्या साफसफाईत हौद उपसून घासून घ्या. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत डास कमी झालेले असतात, लोक विसरतात, पण अंडी भिंतीवर वाट बघत असतात, म्हणून टाक्यांची फुटकी झाकणं, पाइपाच्या जाळ्या, हौदाच्या दाराचं वेल्डिंग ही कामं जानेवारी-फेब्रुवारीत उरकून टाका, तेव्हा वेल्डरलाही सवड असते.